पेटी नवी, गाणे तेच

उसाचे बिल खात्यावर जमा झाले किंवा कांद्याच्या पट्टीत दोन पैसे जास्त आले, की घरात खर्चाच्या वाटा फुटू लागतात. मोटर भरून आणायची असते, गोठ्यावर चार पत्रे टाकायचे असतात, मुलीची फी तोंडावर आलेली असते. अलीकडे या यादीत एक नवे नाव शिरले आहे, ते वाय-फायच्या पेटीचे. तालुक्याला गेलेला मुलगा दुकानातून ऐकून येतो, की आपली पेटी चार नंबरची, म्हणजे जुनी झाली. आता सहा नंबरची निघाली, सात नंबरचीही आली. ती घेतली की गाणे मध्येच अडायचे नाही आणि आवाजही झकास येईल. आजोबांना पहाटे हरिपाठ ऐकायचा असतो, सूनबाईंना स्वयंपाक करताना जुनी गाणी लागतात. त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या माना डोलतात आणि तीन-चार हजारांची नोट खिशातून बाहेर पडायला अधीर होते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हौसेला मोल नाही हे खरे. पण हौसेच्या नावाखाली भलत्याच वस्तूला मोल देऊ नये, हेही तितकेच खरे. प्रश्न साधा आहे. बिनतारी यंत्रणेचा वेग वाढला म्हणजे घरातले गाणे सुधारते का? त्याचे उत्तर असे, की बहुतेक घरांत सुधारत नाही. काही घरांत सुधारते, पण तेही वाढलेल्या वेगामुळे क्वचितच. आपले घर यांपैकी कोणते, हे पैसे मोजण्याआधी कसे ओळखावे, ते आज पाहू.

गाण्याला पाणी किती लागते?

आपल्या जिल्ह्यात पाण्याचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. मुळा धरणात २६ टीएमसी पाणी मावते. पण त्या लाभक्षेत्रातल्या एखाद्या डाळिंबाच्या बुडाशी ताशी ४ लिटरचा ड्रिपर बसवला असेल, तर पुरेसा दाब मिळाल्यावर तो ताशी ४ लिटरच पाणी देणार. मागे अडीच इंची पाइप असो की सहा इंची, त्या झाडाला त्याने काही फरक पडत नाही. पाइप मोठा केला म्हणून ड्रिपर जास्त टपकत नाही आणि पाणीही गोड होत नाही.

गाणे हा असाच एक ड्रिपर आहे. मोबाइलवर आपण जे गाणे ऐकतो, ते आकड्यांच्या रूपाने येते. या आकड्यांचे सगळ्यात लहान माप म्हणजे बिट. हजार बिटांचा एक किलोबिट आणि हजार किलोबिटांचा एक मेगाबिट. गाण्यांच्या नेहमीच्या सेवांत चांगल्या दर्जाचे गाणे सेकंदाला ३२० किलोबिट, म्हणजे मेगाबिटाचा जेमतेम तिसरा हिस्सा मागते. पाच मिनिटांचा अभंग या हिशेबाने १२ एमबीत संपतो आणि तासभराचे भजन १४४ एमबीत. ध्वनिमुद्रणाची जी चकती बाजारात मिळत असे, त्या सीडीवरचा अस्सल आवाज जसाच्या तसा पाठवायचा म्हटला, तरी सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, म्हणजे दीड मेगाबिटाच्या आतच. त्याहूनही बारीक मापाचे, चोखंदळ शौकिनांसाठीचे जे ध्वनिमुद्रण असते, ते अजिबात न दाबता पाठवले तर सव्वानऊ मेगाबिटांपर्यंत जाते. त्यापुढे घरगुती गाण्याची भूक सहसा जात नाही.

आता पेटीकडे वळू. वाय-फायचा पहिला नियम १९९७ साली ठरला, तेव्हा कागदावरचा वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ साली तो ११ झाला, २००३ साली ५४. २००९ साली जी पिढी आली तिला आपण चार नंबरची म्हणतो. तिचा वेग कागदावर ६०० मेगाबिटांपर्यंत. २०१३ ची पाच नंबरची, २०१९ पासून शिक्का घेऊन बाजारात आलेली सहा नंबरची आणि २०२४ पासून सात नंबरची, यांचे आकडे तर हजारो मेगाबिटांत मोजतात. हे नंबरही मूळचे नाहीत. आधीची नावे इंग्रजी अक्षरांची आणि किचकट होती; गिऱ्हाइकाला समजावे म्हणून २०१८ साली हे सोपे आकडे दिले गेले.

कागदावरचा वेग आणि घरातला वेग यांत बैल आणि बैलाच्या चित्राइतके अंतर असते, हे लक्षात ठेवावे. प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी पुष्कळ. तरी हिशेब करून पाहा. १९९९ सालच्या ११ मेगाबिटांच्या पेटीतून निम्मा, म्हणजे ५ मेगाबिट वेग मिळाला असे धरले, तरी ३२० किलोबिटांची पंधरा गाणी एका वेळी वाहू शकतात. पाव शतकापूर्वीच्या पाइपातसुद्धा एका घराच्या भजनाला पुरून उरेल इतके पाणी होते. मग आज चार नंबरची पेटी काढून सात नंबरची बसवली, तर त्या एका अभंगाला जास्तीचे काय मिळणार?

शेततळे आणि मृदंग

कोणी म्हणेल, वेग जास्त असला तर आवाज स्वच्छ तरी येत असेल. जुन्या रेडिओचा अनुभव मनात असल्याने असे वाटणे स्वाभाविक आहे. मध्यम लहरींवर कार्यक्रम ऐकताना वळवाची वीज चमकली, की कडकड असा आवाज यायचा. स्टेशन लांबचे असले की गाण्यात खरखर मिसळायची. तेथे लहर जितकी जोरकस तितके गाणे स्वच्छ, असा सरळ हिशेब होता.

मोबाइलवरच्या गाण्याचा हिशेब निराळा आहे. गाण्याचे तुकडे करून ते पाठवले जातात. एखादा तुकडा वाटेत हरवला किंवा बिघडला, तर फोन तो पुन्हा मागवून घेतो. सगळे तुकडे मिळाले की गाणे जसेच्या तसे उभे राहते. त्यात खरखर नसते. शिवाय फोन आलेले तुकडे लगेच वाजवून टाकत नाही. पुढचे काही सेकंद, कधी सबंध गाणे, तो आधीच साठवून ठेवतो. ही साठवण म्हणजे शेततळेच. कालव्याचे आवर्तन दोन दिवस लांबले तरी शेततळ्यावर पीक तगते. तसे वाय-फाय क्षणभर अडखळले तरी साठवणीवर गाणे चालू राहते. साठवण आटली तर मात्र गाणे थांबते आणि पडद्यावर ते चक्र फिरू लागते.

म्हणजे वाट चालू असेल तर गाणे पूर्ण येते, नाहीतर थांबते. या नियमाला एक अपवाद आहे आणि तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बहुतेक सेवांत गाण्याचा दर्जा 'आपोआप' ठरवण्याची सोय असते. वाट अरुंद झालेली दिसली की सेवा आपणहून हलक्या दर्जाचे गाणे पाठवू लागते, म्हणजे गाणे अडत नाही, पण टाळांचा किणकिणाट बोथट होतो. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन दर्जा 'उच्च' करून पाहावा. त्याला एक पैसा लागत नाही, आणि नव्या पेटीकडून जी अपेक्षा होती ती पुष्कळदा एवढ्यानेच पुरी होते.

राहिला मृदंगाचा घुमार. वारकरी घरांत सगळ्यांत जास्त तक्रार असते ती याची, की पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा जो खोल नाद, तो उमटवायला स्पीकरचा पडदा मोठा लागतो. मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून तो निघूच शकत नाही. मागे कितीही नंबरची पेटी ठेवा. त्याच पैशांतला थोडा भाग एखाद्या बऱ्या स्पीकरवर घातला, तर फरक घरातल्या लहान पोरालाही कळेल. आवाज सुधारायचा तर खर्च आवाजाच्या यंत्रावर करावा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होऊ नये.

मग गाणे अडते कुठे?

गाणे अडते ही तक्रार मात्र खरी असते. फक्त ती जागा शोधावी लागते. पाइपलाइनला गळती लागली तर आपण सगळी लाइन उपसून काढत नाही; विहिरीपासून वाफ्यापर्यंत चालत जातो आणि ओल कुठे दिसते ते पाहतो. गाण्याच्या वाटेवर अशा चार जागा आहेत.

पहिली जागा घराबाहेरची. गाणे पेटीपर्यंत येते ते फायबरच्या तारेने किंवा मोबाइलच्या टॉवरवरून. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या सरकारी योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम हाती घेतले गेले. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून मळ्यातली वस्ती दोन-तीन किलोमीटर असते आणि तेवढे अंतर कापायला तार किंवा टॉवर हवाच. रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागून तार तुटते. अकोल्याच्या डोंगरकपारीत एखादी टेकडी आडवी आली की टॉवरची लहर दुबळी होते. संध्याकाळी सगळे गाव एकाच वेळी फोन उघडते, तेव्हा टॉवरवर पाणवठ्यासारखी गर्दी होते. अशा वेळी घरातली पेटी बदलून काय उपयोग? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

दुसरी जागा म्हणजे घराच्या भिंती. वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालतात, एक २.४ चा पट्टा आणि दुसरा ५ चा. आपल्या देशात पहिला २००५ साली परवान्यातून मोकळा झाला, आणि दुसऱ्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ साली. २.४ ची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होते, पण तिच्यावर गर्दी फार. ५ ची लहर वेगवान आणि मोकळी, पण भिंत आली की लवकर दमते. आपल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, नव्या स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या, पत्र्याचे आडोसे, पाण्याने भरलेली टाकी, हे सगळे या लहरींचे शत्रू. पत्रा त्यांना परत फेकतो, पाणी त्यांना पिऊन टाकते. म्हणून पुष्कळ घरांत नवी, वेगवान पेटी आणूनही मागच्या पडवीत गाणे पूर्वीसारखेच अडते.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पेटीची जागा बदलणे. तार जिथून घरात शिरली तिथेच, दारामागे किंवा लोखंडी कपाटावर, पेटी बसवण्याची पद्धत पडली आहे. ती घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावी. टीव्हीच्या मागे, फ्रिजला चिकटून किंवा देव्हाऱ्याच्या पत्र्याच्या मखराआड ठेवू नये. त्यासाठी दहा-पंधरा मीटर तार जास्त लागली तरी हा खर्च नव्या पेटीच्या मानाने किरकोळ आहे.

तिसरी जागा फोन आणि स्पीकर यांच्यामधली. पुष्कळ घरांत गाणे फोनवरून ब्लूटूथने स्पीकरकडे जाते. हे ब्लूटूथ त्याच २.४ च्या पट्ट्यात चालते. म्हणजे एकाच गाडीवाटेने दोन्हीकडच्या बैलगाड्या. फोन खिशात घालून आपण गोठ्याकडे गेलो आणि स्पीकर ओसरीवर राहिला, की गाणे तुटते, आणि बोल लागतो वाय-फायला. स्पीकरला तार जोडण्याची सोय असेल तर साधी तार जोडून पाहावी. फोनला तारेचे भोक नसेल तर फोन स्पीकरजवळच ठेवावा.

चौथी जागा सगळ्यांच्या ओळखीची, ती म्हणजे वीज. लाइट गेली की पेटी बंद पडते. लाइट येऊन-जाऊन करू लागली तर पेटी पुन्हा पुन्हा चालू होण्यातच मिनिटे घालवते. बहुतेक घरगुती पेट्या १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांना वीज थोडीच लागते. त्यांच्यासाठी खास छोटा यूपीएस मिळतो. त्यावर पेटी काही तास तग धरू शकते. पहाटे हरिपाठाच्या वेळीच भारनियमन असेल, तर सात नंबरच्या पेटीपेक्षा हा चिमुकला यूपीएस लाख मोलाचा.

घरच्या घरी परीक्षा

आता आपल्या घरात दुखणे यांपैकी कोणते, हे अर्ध्या तासात कळू शकते. त्यासाठी कोणा तज्ज्ञाला बोलवायला नको. घरातला आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी पुरेशी आहे.

पहिल्यांदा एखादे गाणे फोनमध्ये उतरवून घ्यावे, मग वाय-फाय बंद करून ते ब्लूटूथच्या स्पीकरवर वाजवावे. तरीही तुटत असेल तर दोष फोन-स्पीकरच्या जोडीत आहे. ते नीट वाजले तर वाय-फाय चालू करून पेटीपासून चार हातांवर उभे राहावे आणि पूर्वी न ऐकलेले नवे गाणे लावावे, म्हणजे साठवणीतले वाजणार नाही. तेथेही अडत असेल तर गोम बहुधा बाहेरच्या तारेत किंवा टॉवरवर आहे. तक्रार सेवा देणाऱ्याकडे करावी, आणि करताना दिवस आणि वेळ लिहून ठेवलेली असावी. पेटीजवळ छान वाजते, पण मागच्या खोलीत किंवा गोठ्यात अडते, असे असेल तर दोष भिंतींचा आणि अंतराचा. आणि दिवसभर नीट वाजते पण संध्याकाळी सातनंतर अडते, असे असेल तर गर्दी आहे. ती बाहेरची की घरातली, हे पाहायला घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही पाच मिनिटे बंद करून तेच गाणे पुन्हा लावावे.

या परीक्षेत आणखी एक गोष्ट उघडी पडते. पुष्कळ जण कीर्तन-भजन ऐकायला चित्रासह चालणारी सेवा लावतात आणि फोन पालथा घालून ठेवतात. चित्र कोणी पाहत नाही, पण ते येतच असते, आणि चित्राचा भार आवाजाच्या कित्येक पटींनी जास्त असतो. फक्त ऐकायचे असेल तर फक्त आवाजाची सेवा लावावी, नाहीतर चित्राचा दर्जा अगदी कमी करावा. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत चांगल्या दर्जाचे नुसते गाणे दहा तास ऐकता येते. चित्र लावले तर हाच साठा फार लवकर तळ गाठतो.

नवी पेटी केव्हा घ्यावी?

याचा अर्थ नव्या पेट्या कुचकामी आहेत असा मुळीच नव्हे. सहा नंबरच्या पेटीत एक खरी सुधारणा झाली आहे. ती समजायला दूध संकलन केंद्र डोळ्यांपुढे आणावे. जुन्या पद्धतीत जणू एकेका घराचे दूध घेऊन गाडी स्वतंत्र फेरी करी. कॅन अर्धा भरलेला असला तरी फेरी पूर्ण. तोवर बाकीचे रांगेत. सहा नंबरच्या पेटीत एकाच फेरीत पाच-सहा घरांचे कॅन एकदम नेण्याची सोय आहे. म्हणून घरात दहा-पंधरा यंत्रे असतील, म्हणजे चार भावांच्या एकत्र कुटुंबातले फोन, टीव्ही, गोठ्यावरचा कॅमेरा, मुलांचा अभ्यास, तर त्या गर्दीत आजोबांचा अभंग खोळंबत नाही. पण या सोयीसाठी पेटीबरोबर फोनही त्याच पिढीचा लागतो. पाच वर्षांपूर्वीचा साधा फोन सात नंबरच्या पेटीशीही आपल्या जुन्याच चालीने बोलणार. जोडीतला एक बैल खिल्लार आणि दुसरा म्हातारा असला, तर गाडी म्हाताऱ्याच्या पायाने चालते.

गावठाणात घराला घर लागून असते, शेजारच्या पाच पेट्यांच्या लहरी आपल्या घरात येतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा अवघ्या तीन. त्यामुळे तेथे ५ चा पट्टा असलेली पेटी खरोखर उपयोगी पडते. ती पाच नंबरची असली तरी चालते. मळ्यातल्या एकट्या वस्तीवर ही गर्दीच नसते. तेथे लांब जाणारा २.४ चा पट्टा पुष्कळदा बरा. मळ्यातल्या माणसाने शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पाहुण्याच्या सल्ल्याने पेटी घेऊ नये, ती याचसाठी.

पेटी फार जुनी असेल, एकच पट्टा असलेली असेल किंवा तिला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झाले असेल, तर ती बदलावी. पण आधी सेवा देणाऱ्याला विचारावे. फायबरच्या जोडणीबरोबर आलेली पेटी पुष्कळदा त्यांचीच असते आणि ती बदलून मिळू शकते. जाता जाता आणखी एक. आपल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नाहीत याचे जगाला कौतुक आहे. पण वाय-फायला मात्र परवलीच्या शब्दाचे कुलूप असलेच पाहिजे. गाणे अडण्याचे एक कारण शेजारच्या पोरांनी आपल्या पेटीवर चालवलेला सिनेमा हेही असते!

पाऊस आणि पाइप

बिनतारी आवाज आपल्या जिल्ह्याला नवा नाही. आकाशवाणी आणि इंटरनेटवरचे गाणे यांतला फरक नीट समजून घेतला तर पैशांचाही विचार सरळ होतो. आकाशवाणीची लहर पावसासारखी असते. ती एकदा सुटली की हजार घरांनी ऐकली काय आणि लाख घरांनी ऐकली काय, प्रक्षेपकावर भार तेवढाच. इंटरनेटवरचे गाणे पाइपासारखे. ज्याच्या त्याच्या घरी स्वतंत्र धार जाते, म्हणून माणसे वाढली की वाट तुंबते. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहासारखा मोठा सोहळा असला आणि मंडपातले हजारो लोक एकदम फोन उघडू लागले, तर जवळच्या टॉवरचे काय होत असेल हे सांगायला नको. अशा वेळी खिशातला साधा रेडिओ बिनबोभाट वाजत असतो. घरात रेडिओ असेल तर तो भंगारात घालू नका. नगरचे आकाशवाणी केंद्र ऐकायला ना वाय-फाय लागते ना रिचार्ज.

याच आकाशवाणीच्या इतिहासातला एक दाखला आजच्या विषयाला फार लागू पडतो. १९५६ साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. पुणे, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आपला अहमदनगर, ज्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, अशा पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोतामंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ यांच्या देखरेखीखाली याचा अभ्यास केला. तुलनेसाठी काही गावे अशी घेतली होती, की जिथे रेडिओ होता पण श्रोतामंडळ नव्हते. आणि काही गावे अशी, की जिथे रेडिओच नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र त्या मानाने फारच थोडी.

लहर तीच होती, प्रक्षेपक तोच आणि कार्यक्रमही तेच. फरक पडला तो ऐकण्याच्या रीतीने. सत्तर वर्षांनंतर पेटीचा नंबर बदलला, पण हा नियम बदललेला दिसत नाही. पहाटेच्या हरिपाठाला घरातली चार माणसे आजोबांजवळ पाच मिनिटे बसली, तर ३२० किलोबिटांतही त्यांचे मन भरते. प्रत्येक जण आपापल्या कानात गोळे घालून वेगळ्या खोलीत बसला, तर हजारो मेगाबिटही त्यांना अपुरेच.

म्हणून यंदाच्या बिलातून काही खर्च करायचाच असेल तर क्रम असा धरावा. पहिल्यांदा गाण्याच्या दर्जाची सेटिंग आणि पेटीची जागा. याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. मग लाइटचा त्रास असेल तर छोटा यूपीएस. मग आजोबांच्या खोलीसाठी बरा स्पीकर, तारेने जोडता येईल असा. एवढे करून, परीक्षा घेऊन, दोष पेटीचाच ठरला, तर खुशाल नवी पेटी आणावी आणि घरातल्या सर्वांत जुन्या फोनला मानवेल अशीच आणावी. दुकानदाराने नंबर सांगितला तर ऐकून घ्यावे. आपल्या घराच्या भिंती किती जाड आहेत, ते मात्र त्याला आपणच सांगायचे असते.